वेळेवर पाणी, वेळेवर आज्ञा
लिनक्स कारखान्यात कसे पोचले त्याची गोष्ट

खानदेशात विहिरीवरच्या पंपाच्या पेटीत एक लहानसा डबा बसवलेला असतो. शेतकरी त्याला नुसते 'ऑटो' म्हणतात. शेतीच्या वाहिनीवर वीज वर्षानुवर्षे पाळीने येत आली आहे. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री बाराला वीज आली तर बटण दाबायला मळ्यात जाणार कोण? थंडी असते, साप असतात, अलीकडे बिबट्याही असतो. म्हणून हा डबा. वीज आली, तिन्ही फेज असल्याची खात्री झाली की तो पंप चालू करतो. शेतकरी घरी निवांत झोपतो.

महावितरण मात्र शेतकऱ्यांना सांगत आले आहे की ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा. त्याचे कारण भौतिकशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखे आहे. पंपाची प्रवर्तन मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. एका रोहित्रावर समजा वीस पंप आहेत. माणसे आपापल्या सवडीने बटणे दाबत होती तेव्हा हे वीस झटके विखुरलेले असत. ऑटो बसल्यावर वीज येताच सगळे पंप एकाच क्षणी उठतात. फ्यूज उडतो, कधी रोहित्रच जळते, आणि मग सगळ्या शिवाराचे पाणी आठवडाभर बंद.

यात प्रत्येक ऑटो आपले काम चोख करतो. त्याला इतकेच कळत नाही की हे काम केव्हा करायचे. प्रत्येक डब्यात थोडा वेगवेगळा विलंब ठेवला तर बराचसा प्रश्न सुटतो. स्वयंचलनात 'काय करायचे' याच्या जोडीला 'केव्हा करायचे' हा प्रश्न असतो, आणि दुसरा प्रश्न पुष्कळदा पहिल्यापेक्षा अवघड निघतो. लिनक्स ही संगणकप्रणाली कारखान्यात वापरण्याजोगी व्हायला जी वीस-पंचवीस वर्षे लागली ती याच प्रश्नापायी.

पाटकरी

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीने शेती भिजवली जाई. ही पद्धत तीनचारशे वर्षांची जुनी आहे आणि काही गावांत तिचे अवशेष अजून दिसतात. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात जाणारे सारंग. जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, म्हणजे पाण्याची गरज सारखी राहते. पाणी कोणाच्या शेतात केव्हा सोडायचे आणि केव्हा तोडायचे हे पाटकरी पाही. शेतकरी पाण्याला हात लावत नसत.

संगणकात पाटकऱ्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. संगणकाचा प्रक्रियक हा पाट समजा. त्याच्यावर एकाच वेळी शेकडो आज्ञावल्या हक्क सांगत असतात. कोणी छपाई करते आहे, कोणी चकतीवर लिहिते आहे, कोणी पडद्यावर चित्र काढते आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, प्रत्येकीला थोडा थोडा वेळ देतो. कार्यालयातल्या संगणकाचा पाटकरी न्यायी असावा लागतो. दिवसाअखेर सगळ्यांचे भागले आणि एकूण काम भरपूर झाले की तो उत्तम. मधे एखादीला क्षणभर थांबावे लागले तरी बिघडत नाही.

कारखान्यातल्या पाटकऱ्याकडून वेगळी अपेक्षा असते. तिथे एखाद्या कामाला ठरलेल्या क्षणी पाणी मिळालेच पाहिजे, मग बाकीच्यांचे काही का होईना. सरासरी चांगली असून भागत नाही. सर्वांत वाईट प्रसंगी किती उशीर होईल ते आधी सांगता आले पाहिजे. यालाच 'रिअल टाइम' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'वेगवान' असा पुष्कळ जण घेतात, अभियांत्रिकीचे विद्यार्थीसुद्धा. तो बरोबर नाही. रोज सकाळी सात वाजता न चुकता येणारी एसटी ही रिअल टाइम. कधी सहाला तर कधी नऊला येणारी आरामगाडी कितीही जोरात धावत असली तरी नाही.

किती वेळेवर, हे कामावर ठरते. जळगावच्या केळीबागेत ठिबकची झडप उघडायला दहा सेकंद उशीर झाला तर केळीला कळणारही नाही. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात बाष्पकाच्या पिंपातील पाण्याची पातळी सांभाळायची तर सेकंदाच्या अंशात निर्णय हवेत. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, तेव्हा वाहिनीवरचा दोष ओळखून ती तोडणाऱ्या यंत्रणेला काही मिलिसेकंदांतच विचार उरकावा लागतो. लेथ किंवा मिलिंग यंत्राच्या मोटरींना दर मिलिसेकंदाला किंवा त्याहून लवकर नवी आज्ञा द्यावी लागते. ती चुकली तर धातूवर ओरखडा उमटतो किंवा हत्यार मोडते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ साली सुरू झालेला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. अशा ठिकाणी वीज रूपांतरित करणारी उपकरणे सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. म्हणजे एकाच खानदेशात दहा सेकंदांपासून सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापर्यंतची घड्याळे एकाच वेळी चालू आहेत.

बंद पेट्यांचा काळ

कारखान्यात नियंत्रण संगणकाच्या आधीपासून आहे. वाफेच्या इंजिनाचा वेग कायम ठेवणारा जेम्स वॉटचा फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक १७८८ सालचा. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली अशा नियंत्रकांवर गणिती निबंध लिहिला. नियंत्रक कधीकधी वेग स्थिर करण्याऐवजी हेलकावे का देतो, हा प्रश्न त्याने त्यात घेतला होता. जळगावची खानदेश मिल किंवा अमळनेरची प्रताप मिल ज्या काळात उभी राहिली त्या काळातले नियंत्रण याच जातीचे : लोखंडाचे, डोळ्यांना दिसणारे. बिघडले तर गावातला फिटर ते उघडून पाहू शकत असे.

पुढे विजेचे रिले आले. मोटारींच्या कारखान्यांत रिलेंची कपाटेच्या कपाटे असत, आणि मोटारीचे नवे मॉडेल काढायचे म्हणजे हजारो तारा पुन्हा जोडायच्या. याला कंटाळून जनरल मोटर्सने १९६८ साली अशा नियंत्रकाची मागणी केली की ज्याची जोडणी तारांनी नव्हे तर आज्ञावलीने बदलता येईल. डिक मॉर्ले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेले 'मॉडिकॉन ०८४' हे त्याचे उत्तर. त्यातून पीएलसी ही वस्तू जन्माला आली. पीएलसीची रीत साधी आहे : सगळे संवेदक वाच, आज्ञावली वरपासून खालपर्यंत एकदा चालव, सगळ्या झडपा-मोटरींना निकाल कळव, आणि पुन्हा पहिल्यापासून. मधे दुसरे कोणी घुसायचे नाही. पाटावर एकच शेत, त्यामुळे पाळीचे भांडण नाही. मोठ्या संयंत्रांसाठी १९७५ साली हनीवेल आणि योकोगावा या कंपन्यांनी विखुरलेल्या नियंत्रणाच्या प्रणाली आणल्या.

या पेट्या कमालीच्या टिकाऊ निघाल्या. त्यांची निंदा करण्याचे मला काही कारण दिसत नाही. पन्नास अंशांच्या जवळ जाणारी उष्णता, धूळ आणि विजेचे धक्के सोसून त्या वर्षानुवर्षे चालतात. पण त्या बंद होत्या. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, जोडायची केबल वेगळी, आज्ञावली लिहायचे सॉफ्टवेअर विकतचे आणि पुष्कळदा एकाच संगणकाला कुलूपबंद केलेले. १९९३ साली पीएलसीच्या भाषांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आले, तरी एका कंपनीची आज्ञावली दुसरीच्या पेटीत चालत नाही हे दुखणे राहिलेच.

आयुष्यमानाचा प्रश्न त्याहून गंभीर. दीपनगरचा २१० मेगावॉटचा तिसरा संच १९८२ साली सुरू झाला आणि तीन दशकांहून अधिक काळ वीज देत राहिला. कारखान्यातले यंत्र पंचवीस-तीस वर्षे चालावे असाच हिशेब असतो. सॉफ्टवेअरचा हिशेब तसा नाही. विंडोज एक्सपी २००१ साली बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबवली. त्या दिवशी जगभर असंख्य यंत्रांच्या पडद्यांमागे एक्सपीच चालू होती. आपल्याच भागातल्या एका कारखान्यात मी असे एक वेष्टनयंत्र पाहिले आहे. यांत्रिक भाग ठणठणीत, मोटरी ठणठणीत, पण नियंत्रक-संगणकाची चकती गेलेली. सॉफ्टवेअरची प्रत पुरवठादाराकडेच होती आणि पुरवठादाराने तो व्यवसाय सोडलेला. काही लाखांचे यंत्र भंगारात गेले. आत काय लिहिले आहे हे पाहण्याचा हक्क असता तर शेजारच्या तंत्रनिकेतनातल्या दोन मुलांनी ते बहुधा महिन्याभरात उठवले असते.

छंदातून आलेली प्रणाली

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले. हा केवळ छंद आहे, ती मोठी वगैरे काही होणार नाही, असे त्याने त्यात म्हटले होते. पुढच्या वर्षी त्याने ती रिचर्ड स्टॉलमन यांनी तयार केलेल्या जीपीएल परवान्याखाली खुली केली : कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी, मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला देताना तिची संहिताही द्यावी. १.० ही आवृत्ती मार्च १९९४ मध्ये आली.

खुली संहिता हे कारखानदाराच्या दुखण्यावरचे औषधच होते. पण त्या काळच्या लिनक्सला यंत्रावर बसवणे धोक्याचे होते, आणि याची कारणे अगदी स्पष्ट होती. पहिले, त्याचे अंतर्गत घड्याळ साध्या पीसीवर सेकंदाला १०० ठोके देई. म्हणजे '३ मिलिसेकंदांनी मला उठव' असे एखाद्या आज्ञावलीने सांगितले तरी १० मिलिसेकंदांपेक्षा बारीक वेळ त्याला कळतच नसे. दुसरे, गाभा स्वतः कामात असला, समजा चकतीवर लिहिण्यात गुंतला, तर त्याला कोणी अडवू शकत नसे. तातडीचे काम दारात उभे, आणि पाटकरी म्हणतो, हातातले झाले की बघतो. हातातले केव्हा होईल ते तोही सांगू शकत नाही.

यावर पहिला उपाय न्यू मेक्सिकोतील एका संस्थेत व्हिक्टर योडायकेन आणि मायकेल बाराबानोव्ह यांनी शोधला. त्यांनी लिनक्सला सुधारण्याच्या भानगडीत न पडता त्याच्या खाली दुसरा, अगदी छोटा गाभा घातला. तातडीची कामे हा छोटा गाभा करणार, आणि अख्खे लिनक्स हे त्याच्या दृष्टीने सर्वांत कमी महत्त्वाचे एक काम. रिकामा वेळ असेल तेव्हा त्याला पाणी. लिनक्सला वाटत राहते की आपणच मालक आहोत. ही युक्ती म्हणजे 'आरटीलिनक्स'. इटलीत मिलानच्या तंत्रविद्यापीठात पाओलो मांतेगाझ्झा यांनी त्याच धर्तीवर 'आरटीएआय' केले.

युक्ती झकास चालली. अमेरिकेच्या मानक-संस्थेत, म्हणजे एनआयएसटीमध्ये, मिलिंग यंत्रासाठी एक खुला नियंत्रक तयार होत होता. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या विंडोज एनटीवर होत्या. वेळेची खात्री मिळेना म्हणून तो आरटीलिनक्सवर आणला गेला. सरकारी खर्चाने केलेला असल्यामुळे तो सर्वांसाठी मोकळा होता. हौशी आणि व्यावसायिक मंडळींनी पुढे तो वाढवला आणि २०११ पासून तो 'लिनक्ससीएनसी' या नावाने ओळखला जातो. लिनक्सने खऱ्या यंत्रशाळेत पाय ठेवला तो असा. पण दोन अडचणी होत्या. योडायकेन यांना या युक्तीचे अमेरिकी पेटंट १९९९ साली मिळाले, आणि 'खुल्या' गोष्टीवर मालकी आली म्हणून बराच वाद झाला. शिवाय तातडीची आज्ञावली वेगळ्याच पद्धतीने लिहावी लागे. लिनक्सच्या नेहमीच्या सोयी तिला मिळत नसत.

मंगळावरचा खोळंबा

दुसरी वाट म्हणजे लिनक्सचा गाभाच सुधारायचा. ही वाट का अवघड आहे ते कळण्यासाठी मंगळावर जावे लागेल. ४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले. थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करू लागला. त्यावर लिनक्स नव्हते. रिअल टाइमसाठीच बनवलेली एक नावाजलेली प्रणाली होती. तरी घोटाळा झाला.

तो आपल्या पाटावर मांडून पाहू. चारीच्या फळीला एकच किल्ली आहे असे समजा. एका गरीब शेतकऱ्याने, ज्याची पाळी सर्वांत शेवटची, किल्ली घेतली. तेवढ्यात सर्वांत मानाच्या माणसाला किल्लीची गरज पडली. तो थांबला, किल्ली परत आली की पहिला नंबर त्याचाच. पण मधेच मधल्या मानाची चार माणसे आली. त्यांना किल्ली नको, नुसते पाणी हवे. त्यांचा मान गरिबापेक्षा वरचा, म्हणून पाटकऱ्याने गरिबाला बाजूला सारून त्यांना पाणी दिले. गरीब माणूस अडला, म्हणून किल्ली अडली, म्हणून सर्वांत मानाचा माणूस अडला. नियम सगळ्यांनी पाळला आणि तरी क्रम उलटा झाला. यानावर हवामानाची नोंद घेणारे काम गरीब होते, आणि माहिती-वाहिनीची व्यवस्था पाहणारे काम मानाचे. मानाचे काम वेळेवर झाले नाही की पहारेकरी-घड्याळ संगणक पुन्हा सुरू करी.

यावरचा तोडगा आधीच माहीत होता. लुई शा, मूळचे भारतीय असलेले रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० साली त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्याच्याजवळ किल्ली आहे त्याला, किल्ली परत करेपर्यंत, वाट पाहणाऱ्या मानकऱ्याचा मान उसना द्यायचा. मग मधले त्याला हटवू शकत नाहीत. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून ही सोय यानावर चालू करण्यात आली आणि खोळंबा थांबला.

लिनक्सच्या गाभ्यात अशा किल्ल्या हजारोंनी होत्या, आणि लाखो ओळींच्या संहितेत पसरलेल्या. २००४-०५ पासून इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या एकेक करून बदलायला घेतल्या. किल्ली धरलेल्यालाही अडवता यावे आणि त्याला उसना मान मिळावा, बाहेरून येणाऱ्या व्यत्ययांनाही रांगेत उभे करता यावे, घड्याळ मायक्रोसेकंदापर्यंत बारीक व्हावे, असा हा कार्यक्रम होता. टॉरवाल्ड्स साशंक होते. लिनक्सने लेसर चालवणे हा वेडेपणा आहे, पण इथले सगळेच आपापल्या परीने वेडे आहेत, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी २००६ साली काढले होते, आणि तरीही त्यांनी वाट अडवली नाही. घड्याळ आणि उसना मान यांची सोय २००६-०७ मध्ये मूळ लिनक्समध्ये आली, व्यत्ययांची २००९ साली.

मग काम रेंगाळले. कारण तांत्रिक नव्हते, पैशाचे होते. हे सुधारित लिनक्स वापरून यंत्रे विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ होत्या, पण ते लिहिणाऱ्यांचा पगार कोणी द्यायचा हा प्रश्न होता. बंधारा सगळ्यांचा आणि गाळ काढायला कोणी नाही, ही अवस्था फड पद्धतीच्या गावांना अपरिचित नाही. २०१५ साली लिनक्स फाउंडेशनने काही कंपन्यांना एकत्र आणून निधी उभा केला. शेवटची अडचण हास्यास्पद वाटावी अशी होती : गाभा अडचणीत आला की पडद्यावर जो संदेश छापतो तो छापण्याची जुनी रीत सगळ्यांना खोळंबवत असे. तीही बदलली. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात ग्लाइक्सनर यांनी अंतिम विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून टॉरवाल्ड्स यांच्या हाती दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून रिअल टाइमची सोय मूळ लिनक्समध्येच आहे. वेगळे ठिगळ लावावे लागत नाही.

मोजून पाहावे

तयार आहे की नाही हे मोजूनच ठरते. ग्लाइक्सनर यांनी त्यासाठी 'सायक्लिकटेस्ट' नावाची छोटी आज्ञावली लिहिली. ती संगणकाला सांगते, मला २०० मायक्रोसेकंदांनी उठव. आणि उठल्यावर पाहते की किती उशिरा उठवले. हे पुनःपुन्हा. जर्मनीतील ओसॅडल ही संस्था वेगवेगळ्या संगणकांवर हीच चाचणी सलग दहा कोटी वेळा घेते. दहा कोटी गुणिले २०० मायक्रोसेकंद म्हणजे वीस हजार सेकंद, साडेपाच तासांहून थोडे अधिक. सरासरीकडे कोणी पाहत नाही. दहा कोटींमधला सर्वांत मोठा उशीर किती, एवढेच पाहायचे.

शाळेच्या प्रयोगशाळेत लिनक्सचा जुना संगणक असेल तर हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा. आधी संगणक मोकळा ठेवून दहा मिनिटे चाचणी घ्या. मग मोठी फाइल नकलायला लावा, चित्रफीत चालवा, आणि पुन्हा घ्या. सरासरी फारशी हलत नाही, पण सर्वांत मोठा आकडा उडी मारतो. मग रिअल टाइमचा गाभा बसवून पुन्हा तेच करा. चांगल्या यंत्रावर तो मोठा आकडा साधारण शंभर मायक्रोसेकंदांच्या आत राहायला हवा. काही संगणकांवर तरीही मधेच मोठा उशीर दिसतो. तेव्हा दोष लिनक्सचा नसून मातृफलकाचा असू शकतो : त्यावर निर्मात्याने ठेवलेली गुप्त कामे ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता प्रक्रियक ताब्यात घेतात.

उशीर मोजण्याची सवय किती उपयोगी पडते याचे एक उदाहरण मार्च २०२४ मधले आहे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना अर्ध्या सेकंदाचा जादा उशीर जाणवला. अर्ध्या सेकंदाकडे कोण लक्ष देतो? त्याने दिले. तेव्हा लिनक्सबरोबर येणाऱ्या एका छोट्या खुल्या आज्ञावलीत कोणीतरी चोरवाट बसवल्याचे उघड झाले. संहिता खुली असली म्हणजे ती आपोआप सुरक्षित होत नाही, हेही यातून दिसले, आणि शंका आल्यावर माग काढता आला तो ती खुली होती म्हणूनच, हेही.

आपल्याकडे

महाराष्ट्रात याचे काही दाखले आहेत. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही दुर्बीण आहे. तिच्या सगळ्या तबकड्यांकडून येणारे संकेत एकत्र करण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांचा लिनक्स-समूह तिथल्या शास्त्रज्ञांनी उभा केला. त्याचा शोधनिबंध २०१० सालचा. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने तापवलेली पोलादी पट्टी, पंखा आणि तापमानाचा संवेदक असलेले एक छोटे उपकरण बनवले. दूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थी इंटरनेटवरून, मुक्त सॉफ्टवेअर वापरून, त्याचे तापमान नियंत्रित करू शकतो. आज्ञा जाऊन येईपर्यंत उशीर होतो आणि त्यामुळे तापमान कसे डोलते, हे तिथे प्रत्यक्ष पाहता येते. मॅक्सवेलचा प्रश्नच नव्या वेषात.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. अमेरिकेतल्या ज्या वेधशाळांच्या धर्तीवर ती होणार, त्यांत चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या टोकांवरचे आरसे सेकंदाला १६,३८४ वेळा मोजून, आज्ञा देऊन जागेवर ठेवले जातात. म्हणजे प्रत्येक निर्णयाला ६१ मायक्रोसेकंद. हे काम लिनक्सवरच्या साध्या बहुगाभी संगणकांकडून करून घेतात. युक्ती अशी की प्रक्रियकाचे काही गाभे लिनक्सच्या हातून काढून घेऊन फक्त या कामाला बांधून टाकायचे. एक पाट फोडून मानकऱ्यासाठी कायमची वेगळी चारी काढावी तसे.

कारखान्यांतही बदल झाला आहे. वागो, फिनिक्स कॉन्टॅक्ट यांच्यासारख्या कंपन्यांच्या कित्येक पीएलसींच्या आत आज रिअल टाइम लिनक्स असते, वरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. मात्र पेटीच्या आत लिनक्स असले म्हणून पेटी खुली झाली असे नाही. वरचा थर बंदच असू शकतो. खरेदी करताना हे विचारून घ्यायला हवे.

माझ्या मते ठिबक सिंचन, पाणीपुरवठा, शीतगृह, वेष्टनयंत्र, सौर प्रकल्पाची देखरेख या कामांना लिनक्स केव्हाच तयार आहे. मिलिंग यंत्रालाही आहे, चाचणी घेतलेल्या संगणकावर. पण जिथे चुकीची किंमत माणसाचा जीव आहे, जसे दाबयंत्राखालचा हात किंवा बाष्पकाचा अतिदाब, तिथे शेवटची अडवणूक मी त्याच्यावर सोपवणार नाही. तिथे प्रणाली धोकादायक रीतीने चुकण्याची शक्यता अत्यंत कमी आहे याचा कागदोपत्री पुरावा लागतो, आणि कोट्यवधी ओळींच्या, रोज बदलणाऱ्या संहितेचा असा पुरावा देणे फार कठीण आहे. २०१९ साली त्यासाठी एलिसा नावाचा प्रकल्प सुरू झाला. तोवर सुरक्षेचा साधा, वेगळा रिले बरा.

शेतावरच्या अडचणी तर आणखीच साध्या असतात. हौसेने रास्पबेरी पाय हा छोटा संगणक केळीबागेत बसवणाऱ्याला रिअल टाइमचा त्रास होत नाही, भारनियमनाचा होतो. लिहिता लिहिता वीज गेली की मेमरी कार्डावरची माहिती बिघडते आणि संगणक पुन्हा उठत नाही. कार्डावर लिहिणेच बंद ठेवणे, लहान बॅटरी देणे आणि पहारेकरी-घड्याळ चालू करणे हे उपाय पंधरा मिनिटांत शिकवता येतात. मे महिन्यात जळगावच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत तो ठेवायचा की सावलीत, हा प्रश्न मात्र कोणत्याही आज्ञावलीने सुटत नाही.

उरला आयुष्यमानाचा प्रश्न. लिनक्सची प्रत्येक आवृत्तीही जन्मभर सांभाळली जात नाही. काही आवृत्त्यांना मिळणारी सहा वर्षांची देखभाल दोन वर्षांवर आणण्याचे २०२३ साली जाहीर झाले. हे ओळखून २०१६ साली हिताची, सिमेन्स, तोशिबा आदी कंपन्यांनी मिळून निवडक आवृत्त्या दहा वर्षांहून अधिक काळ सांभाळण्याचा उपक्रम सुरू केला. त्यातल्या पहिल्या, ४.४ या आवृत्तीची मुदत २०२७ सालची. ती संपल्यावरही तिची संहिता कोणालाही उपलब्ध असेल. ती वाचू शकणारे कोणी जळगाव-धुळ्याच्या आयटीआयमध्ये आणि तंत्रनिकेतनांत असेल की नाही, हे त्या वर्गांत आज काय शिकवले जाते त्यावर अवलंबून आहे. सुरुवात करायला जुना पीसी, लिनक्ससीएनसीची फुकट मिळणारी प्रत आणि भंगारातल्या दोन स्टेपर मोटरी पुरतात.